पाचवा माणूस : मुंबईहून दक्षिण ध्रुवावर गेलेले हेन्री बॉवर्स

इ. स. १९१० च्या पूर्वार्धात मुंबईहून इंग्लंडकडे निघालेल्या प्रवाशांमध्ये सव्वीस वर्षांचे एक नौदल अधिकारी होते. उंची अवघी पाच फूट चार इंच, केस तांबूस, अंगलट भक्कम आणि नाक पक्ष्याच्या चोचीसारखे बाकदार. या नाकामुळेच सहकाऱ्यांनी त्यांना 'बर्डी' असे नाव ठेवले होते आणि पुढे इतिहासानेही तेच नाव कायम केले. हेन्री रॉबर्टसन बॉवर्स हे रॉयल इंडियन मरीनचे अधिकारी होते. बर्फाच्या प्रदेशाचा त्यांना कोणताही अनुभव नव्हता. तरीही पावणेदोन वर्षांनी दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या पाच ब्रिटिशांत ते होते, आणि त्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांत त्यांचा मृत्यू झाला.

कॅप्टन रॉबर्ट फाल्कन स्कॉट यांच्या या मोहिमेची शोकांतिका सर्वश्रुत आहे. त्या मोहिमेचा आधार असलेले केप इव्हान्स येथील ठाणे प्रत्यक्षात कसे चालत होते, तेथे पंचवीस माणसे काय खात होती, कोठे झोपत होती, हवामानाच्या नोंदी कोण घेत होते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. बॉवर्स यांचे चरित्र पाहिले असता ही बाजू समोर येते, कारण ठाण्याचे भांडार त्यांच्या ताब्यात होते.

बॉवर्स यांचा जन्म २९ जुलै १८८३ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदराच्या गावी झाला. वडील अलेक्झांडर बॉवर्स हे जहाजाचे कप्तान होते. पूर्वेकडील व्यापारात त्यांचे आयुष्य गेले आणि १८६८ मध्ये इरावती नदीने भामोमार्गे चीनकडे वाट शोधण्यासाठी गेलेल्या पथकातही ते सहभागी झाले होते. हेन्री तीन वर्षांचे असताना वडिलांचे ब्रह्मदेशात निधन झाले. आई एमिली यांच्यावर दोन मुली आणि एक मुलगा यांची जबाबदारी आली. घरची परिस्थिती बेताची होती. अशा घरातील मुलाने समुद्रावर जाणे हे त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये जवळजवळ ठरलेलेच असे. १८९७ मध्ये ते टेम्स नदीवरील 'वॉर्सेस्टर' या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाले. त्यानंतर 'लॉक टॉरिडन' या शिडाच्या मालवाहू जहाजावर त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केल्या. माल कसा रचावा, वजन कोठे ठेवावे, कोणती पेटी आधी लागेल आणि कोणती नंतर, हे शिक्षण त्यांना या जहाजावर मिळाले.

१९०५ मध्ये त्यांची रॉयल इंडियन मरीनमध्ये सब-लेफ्टनंट म्हणून नेमणूक झाली. सुरतेस १६१२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने उभारलेल्या आरमारापासून 'बॉम्बे मरीन'मार्गे ही सेवा चालत आली होती. १८९२ मध्ये तिला 'रॉयल इंडियन मरीन' हे नाव मिळाले. पुढे १९३४ मध्ये ती रॉयल इंडियन नेव्ही झाली आणि १९५० पासून भारतीय नौदल म्हणून ओळखली जाऊ लागली. बॉवर्स यांच्या काळी तिचे मुख्यालय मुंबईच्या गोदीत होते. श्रीलंका आणि ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर त्यांनी काम केले, वडिलांच्या परिचयाच्या इरावतीवर नदीबोटीचे नेतृत्व केले आणि इराणच्या आखातात बंदुकांची चोरटी वाहतूक रोखणाऱ्या 'फॉक्स' या युद्धनौकेवरही ते होते. उन्हाचा, घामाचा आणि दमट हवेचा हा सारा अनुभव होता. ध्रुवप्रदेशाचे वेड मात्र त्यांनी मनात जपले होते.

'वॉर्सेस्टर'वर असताना रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे माजी अध्यक्ष सर क्लेमेंट्स मार्कहॅम यांच्याशी त्यांची ओळख झाली होती. मार्कहॅम यांच्या शिफारशीवरून स्कॉट यांनी त्यांना मुलाखत न घेताच मोहिमेत घेतले. असे करताना स्कॉट यांनी किती मोठा जुगार खेळला होता, हे त्यांना बॉवर्स यांना प्रत्यक्ष पाहिल्यावर जाणवले असावे. हा ठेंगणा आणि गुबगुबीत तरुण बर्फात काय टिकणार, अशी शंका त्यांना प्रथमदर्शनी आली. त्यातच 'टेरा नोव्हा' लंडनच्या गोदीत असताना बॉवर्स जहाजाच्या उघड्या झडपेतून एकोणीस फूट खाली, लोखंडाच्या ठोकळ्यांवर पडले. ते उठले, कपडे झटकले आणि कामाला लागले.

'टेरा नोव्हा'ने १५ जून १९१० रोजी कार्डिफ सोडले. बॉवर्स यांची नेमणूक सुरुवातीला जहाजावरच्या तुकडीत होती, किनाऱ्यावर उतरणाऱ्यांत नव्हे. परंतु प्रवासात आणि विशेषतः न्यूझीलंडमधील लिटल्टन बंदरात सारा माल उतरवून पुन्हा भरताना त्यांनी जे काम केले, त्यामुळे स्कॉट यांचे मत पालटले. कोणती पेटी कोठे आहे हे बॉवर्स यांना कागद न पाहता सांगता येत असे. लेफ्टनंट हेन्री रेनिक यांचे किनाऱ्यावरचे स्थान काढून ते बॉवर्स यांना देण्यात आले. रेनिक यांनी हे मुकाट्याने सोसले. (याचमुळे ते वाचले, असे आज म्हणणे सोपे आहे. त्या वेळी मात्र तो अपमानच होता.) डिसेंबरच्या आरंभी झालेल्या वादळात पंप तुंबले आणि जहाजात पाणी भरू लागले, तेव्हा पोलादी भिंतीला पाडलेल्या भोकातून आत सरपटत जाऊन पंपाची नळी मोकळी करणाऱ्यांतही बॉवर्स होते.

केप इव्हान्सचे घर

जहाज ४ जानेवारी १९११ रोजी रॉस बेटावरील केप इव्हान्स येथे लागले. तेथे पन्नास फूट लांब व पंचवीस फूट रुंद असे लाकडी घर उभे राहिले. भिंतींच्या फळ्यांमध्ये थंडी अडवण्यासाठी पोत्यात शिवलेले वाळलेले समुद्री शेवाळ भरले होते. प्रकाशासाठी कार्बाइडपासून तयार होणारा अॅसिटिलीन वायू होता, उष्णतेसाठी कोळशाची शेगडी. घराच्या मधोमध शिध्याच्या पेट्या एकमेकींवर रचून भिंत करण्यात आली. तिच्या एका बाजूला सोळा अधिकारी व शास्त्रज्ञ राहत आणि दुसऱ्या बाजूला नऊ खलाशी व मदतनीस. नौदलाची शिस्त अशी की ध्रुवप्रदेशातही दर्जाची भिंत आधी उभी राहिली. ही भिंत खाद्यपदार्थांच्या खोक्यांची होती, म्हणजे हिवाळा जसा सरेल तशी ती खाल्लीही जाणार होती.

बॉवर्स, अॅप्सली चेरी-गॅरार्ड, कॅप्टन लॉरेन्स ओट्स, सेसिल मिअर्स आणि डॉ. अॅटकिन्सन या पाच जणांनी एकावर एक अशा फळ्यांच्या खाटा ठोकून आपला कोपरा तयार केला. इतरांच्या सजवलेल्या कोपऱ्यांच्या मानाने तो इतका उघडाबोडका होता की त्याला चाळ या अर्थाचे 'टेनेमेंट्स' असे नाव पडले. मुंबईच्या गिरणगावात दिवस काढलेल्यांना हे नाव समजावून सांगण्याची गरज नाही. यांपैकी ओट्स हेही भारतातून, मध्य भारतातील महू छावणीतून आले होते.

घराबाहेरच्या उतारावर बॉवर्स यांचे भांडार होते. बर्फाच्या वादळात गाडल्या जाऊ नयेत अशा बेताने पेट्यांच्या रांगा लावलेल्या होत्या. अंधारात चाचपडतही हवी ती पेटी सापडली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. स्वयंपाक्याला रोजचा शिधा काढून देणे, घोड्यांच्या पेंडीचा हिशेब, स्लेजवरच्या प्रवासासाठी बिस्किटे, पेमिकन, लोणी, साखर, कोको व चहा यांच्या पिशव्या बांधणे हे त्यांचे नित्याचे काम होते. पेमिकन म्हणजे वाळवून कुटलेले मांस आणि चरबी यांचा गोळा. तो पाण्यात उकळून त्यात बिस्किटे कुस्करली की प्रवासातले जेवण तयार होई. या पिशव्या एका ठरावीक हिशेबाने बांधल्या जात : चार माणसे, एक आठवडा. तंबू चार माणसांचा, स्टोव्ह चार माणसांचा, शिधा चार माणसांचा. पुढे काय घडले हे समजण्यासाठी हा चारचा आकडा लक्षात ठेवला पाहिजे.

केप इव्हान्स येथे २३ एप्रिल रोजी सूर्य मावळला तो ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात उगवला. बेंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये राहणाऱ्याला वर्षातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम दीड तासाचा फरक जाणवतो. मुंबईत तो सव्वादोन तासांचा आहे. चार महिने सूर्यच न उगवणे म्हणजे काय, याची कल्पना त्यावरून करता येणार नाही. अशा अंधारात पंचवीस माणसांनी एका खोलीत राहायचे तर वेळापत्रक हाच आधार असतो. न्याहारी, काम, जेवण, घोड्यांना फिरवणे, आठवड्यातून तीन संध्याकाळी व्याख्यान, रविवारी प्रार्थना असा क्रम कसोशीने पाळला जाई. रात्री एक जण पाळीने जागा राहून शेगडी सांभाळी आणि आकाशातील ध्रुवीय प्रकाशाची नोंद करी. छायाचित्रकार हर्बर्ट पॉन्टिंग यांनी भारत, ब्रह्मदेश व जपानची पारदर्शी चित्रे पडद्यावर दाखवली. बॉवर्स यांनी व्याख्यानासाठी ध्रुवीय कपडे आणि प्रवासातील आहार हे विषय घेतले. ऐकणाऱ्यांच्या जिवाशी त्यांचा थेट संबंध होता. २२ जून रोजी, दक्षिणेकडील मध्यहिवाळ्याच्या दिवशी, बॉवर्स यांनी काठ्या आणि पिसे यांचे एक झाड तयार केले, त्याला मेणबत्त्या लावल्या आणि प्रत्येकासाठी एक भेट टांगली. दररोज सकाळी ते उघड्या अंगाने घराबाहेर जाऊन बर्फाने स्नान करीत. त्यांचे अनुकरण करण्याचा उत्साह फार थोड्यांनी दाखवला.

ठाण्याचे हवामानशास्त्रज्ञ जॉर्ज सिम्पसन हे भारतीय हवामान खात्यातून, सिमल्याहून आलेले होते. घरातील त्यांचा कोपरा उपकरणांनी भरलेला असे आणि वाऱ्याचा वेग, दाब व तापमान यांच्या नोंदी अखंड चालत. ठाण्यापासून दूर निरनिराळ्या ठिकाणी तीन तापमापक लावण्यात आले. त्यांना आर्चिबाल्ड, बर्ट्राम आणि क्लॅरेन्स अशी माणसांची नावे होती. अंधारात, वाऱ्यात, कंदील हाती घेऊन या तीन 'मंडळीं'ची विचारपूस करून येणे हा बॉवर्स यांचा आवडीचा फेरफटका होता. विज्ञानाचे पद्धतशीर शिक्षण त्यांच्यापाशी नव्हते. पण आकडा आपल्या डोळ्यांनी पाहून लगेच लिहून ठेवावा, ही खलाशाची सवय होती. सिम्पसन यांना असाच साहाय्यक हवा होता.

बर्फ तुटला तेव्हा

ठाण्यावरील जीवन सुरक्षित होते असे मात्र नाही. हिवाळ्यापूर्वी, जानेवारी १९११ च्या अखेरीस, पुढच्या वर्षीच्या ध्रुवप्रवासासाठी वाटेत शिध्याचे साठे ठेवण्यास एक तुकडी निघाली. बॉवर्स तीत होते. सर्वांत मोठा साठा ८० अंश दक्षिण अक्षांशावर ठेवण्याचा बेत होता. परंतु घोडे थकले आणि स्कॉट यांनी ७९ अंश २९ मिनिटांवरच सुमारे एक टन सामान उतरवले. घोडे मारून पुढे जावे असे ओट्स यांचे मत होते. स्कॉट यांना प्राण्यांचे हाल बघवले नाहीत. त्या वेळी हा निर्णय किरकोळ वाटला.

परतताना १ मार्चच्या पहाटे बॉवर्स, चेरी-गॅरार्ड आणि टॉम क्रीन चार घोड्यांसह समुद्रावरील बर्फावर झोपले असताना बर्फ तुटला. बॉवर्स जागे झाले तेव्हा एक घोडा नाहीसा झाला होता आणि तंबू एका तरंगत्या तुकड्यावर होता. भोवती किलर व्हेल डोकी वर काढीत होते. तिघांनी घोडे आणि स्लेज एका तुकड्यावरून दुसऱ्यावर नेत कित्येक तास काढले. क्रीन उड्या मारीत मदत आणण्यास गेले. माणसे वाचली, घोडा मात्र एकच वाचला. पाण्यात पडलेला आणि बाहेर काढता न येणारा आपला घोडा व्हेलच्या तोंडी जाऊ नये म्हणून बॉवर्स यांना कुदळीने स्वतःच मारावा लागला. हा प्रसंग ते विसरले नाहीत. पुढच्या प्रवासात 'व्हिक्टर' हा घोडा त्यांच्याकडे होता. त्याला ते आपल्या वाट्याचे बिस्किट रोज देत, आणि त्याला गोळी घालण्याची वेळ आली त्या दिवशीही दिले.

हिवाळ्याच्या मध्यात, २७ जून १९११ रोजी, डॉ. एडवर्ड विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड असे तिघे केप क्रोझियर येथे एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी निघाले. हा पक्षी हिवाळ्यातच अंडी घालतो. त्यातील गर्भ तपासल्यास पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्यातील नाते उलगडेल, असे त्या काळी मानले जाई. अंतर एका बाजूने शंभर किलोमीटरहून थोडे अधिक होते. ते कापण्यास एकोणीस दिवस लागले. दोन स्लेज एकदम ओढणे अशक्य झाल्यामुळे एक पुढे नेऊन ठेवायची आणि दुसरी आणण्यासाठी परत जायचे, म्हणजे एका मैलाला तीन मैल चालायचे, असा प्रकार होता. तापमान उणे ६० अंश सेल्सियसखाली गेले. श्वासाची आणि घामाची वाफ कपड्यांत गोठून ते पत्र्यासारखे होत. तंबूबाहेर पाऊल टाकताना मान ज्या दिशेला असेल त्याच दिशेला ती गोठलेल्या कपड्यात अडकून राही. झोपण्याच्या पिशव्यांचे वजन आत साचलेल्या बर्फाने दुपटीहून अधिक झाले. अशा पिशवीत शिरून बॉवर्स गाढ झोपत आणि घोरत. शेजारी थंडीने थडथडणाऱ्या चेरी-गॅरार्ड यांना या गोष्टीचा हेवा वाटत असल्यास नवल नाही.

या प्रवासाचा आणखी एक हेतू होता. तिघांनी तीन निरनिराळ्या प्रकारे आहार घेऊन पाहावा असे ठरले होते : विल्सन यांनी लोणी अधिक, बॉवर्स यांनी पेमिकन अधिक, चेरी-गॅरार्ड यांनी बिस्किटे अधिक. या प्रयोगावरून ध्रुवाच्या पठारावरील शिधा ठरवण्यात आला. दर माणशी रोज सुमारे ४५० ग्रॅम बिस्किटे, ३४० ग्रॅम पेमिकन, थोडे लोणी, साखर, कोको आणि चहा. नंतरच्या अभ्यासकांच्या हिशेबाने यातून सुमारे साडेचार हजार कॅलरी मिळत. स्लेज ओढणाऱ्या माणसाला सहा हजारांहून अधिक लागतात. शरीराची ही गरज त्या काळी कोणालाच नेमकी माहीत नव्हती. 'क' जीवनसत्त्वाचाही शोध लागलेला नव्हता.

केप क्रोझियरला दगडांचे आणि कॅनव्हासच्या छताचे जे घर त्यांनी बांधले, त्याचे छत विल्सन यांच्या वाढदिवशीच, २३ जुलै रोजी, वादळाने फाडून नेले. त्याआधी तंबूही उडाला होता. तंबूशिवाय परतणे म्हणजे मृत्यू. बर्फात गाडून घेऊन तिघे पडून राहिले. वादळ ओसरल्यावर तंबू जवळच उताराखाली सापडला. परतीच्या वाटेवर बॉवर्स तो तंबू स्वतःला दोरीने बांधून झोपत. १ ऑगस्ट रोजी ते तीन अंडी घेऊन केप इव्हान्सला पोहोचले. त्या अंड्यांतून अपेक्षित रहस्य कधीच बाहेर आले नाही.

चारात पाच

ध्रुवाकडील प्रवास १ नोव्हेंबर १९११ रोजी सुरू झाला. टप्प्याटप्प्याने साहाय्यक तुकड्या मागे फिरत गेल्या आणि वर्षअखेरीस पठारावर चार-चार माणसांच्या दोन तुकड्या उरल्या. ३१ डिसेंबर रोजी स्कॉट यांनी दुसऱ्या तुकडीला वजन कमी करण्यासाठी बर्फावरून घसरत जाण्याच्या स्की वाटेतच ठेवण्यास सांगितले. बॉवर्स त्या तुकडीत होते. ही तुकडी परत जाणार, असाच साऱ्यांचा समज होता. परंतु जानेवारीच्या ३ तारखेला स्कॉट यांनी बॉवर्स यांना आपल्याबरोबर घेण्याचा निर्णय केला. लेफ्टनंट एडवर्ड इव्हान्स, लॅश्ली आणि क्रीन हे तिघे दुसऱ्या दिवशी परतले, आणि स्कॉट, विल्सन, ओट्स, एडगर इव्हान्स व बॉवर्स हे पाच जण पुढे गेले.

या निर्णयाची कारणे अनेकांनी शोधली आहेत. अक्षांश-रेखांश अचूक काढणारा जाणता माणूस स्कॉट यांना हवा असावा, हे त्यांतील सर्वांत पटणारे कारण. परिणाम मात्र स्पष्ट होते. चार जणांच्या तंबूत पाच जण झोपू लागले. चार जणांच्या भांड्यात पाच जणांचे अन्न शिजवण्यास रोज अर्धा तास अधिक लागू लागला, म्हणजे तेवढे रॉकेल अधिक जळू लागले. वाटेतील साठे चार माणसांच्या हिशेबाने बांधलेले होते. ज्यांनी त्या पिशव्या स्वतः मोजून बांधल्या, तेच आता हिशेबात न धरलेला पाचवा माणूस झाले होते. शिवाय त्यांच्या पायात स्की नव्हत्या. इतर चौघे घसरत जात असताना पाचातील सर्वांत आखूड पायांचे बॉवर्स भुसभुशीत बर्फात चालत होते. ध्रुवापर्यंत आणि तेथून परत स्की ठेवल्या होत्या त्या जागेपर्यंत, पाचशे किलोमीटरहून अधिक अंतर ते असेच चालले. दिवसाचा प्रवास संपल्यावर इतर जण विसावत, तेव्हा ते निरीक्षणे घेत आणि तापमान लिहून ठेवत.

१६ जानेवारी १९१२ रोजी दुपारी दूरवर एक काळा ठिपका प्रथम दिसला तो बॉवर्स यांनाच. तो नॉर्वेच्या रोआल्ड अमुंडसेन यांच्या तुकडीने लावलेला झेंडा होता. अमुंडसेन १४ डिसेंबर रोजीच ध्रुवावर पोहोचले होते. स्कॉट यांची तुकडी १७ जानेवारीला पोहोचली. दुसऱ्या दिवशी काढलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात पाच थकलेले चेहरे आहेत. कॅमेऱ्याची दोरी ओढणारा हात बॉवर्स यांचा आहे.

परतीच्या वाटेवर फेब्रुवारीत बीअर्डमोर हिमनदीवर त्यांनी सुमारे १६ किलो खडक गोळा केले आणि अखेरपर्यंत ओढले. अशा अवस्थेत दगड कशाला, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीचे जीवाश्म होते. हेच जीवाश्म नागपूरजवळच्या कामठी परिसरातील खडकांतही सापडतात. अंटार्क्टिका आणि भारत एके काळी एकाच भूखंडाचे भाग होते, याचा तो एक महत्त्वाचा पुरावा ठरला. त्या भूखंडाला मिळालेले गोंडवन हे नावही मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून आलेले आहे.

एडगर इव्हान्स यांचा १७ फेब्रुवारी रोजी मृत्यू झाला. हिमनदी उतरून सपाट बर्फावर आल्यानंतर थंडी अनपेक्षितपणे वाढली. साठ्यांतील रॉकेलचे डबे कमी भरलेले आढळू लागले. डब्यांच्या झाकणातील चामड्याच्या चकत्यांमधून ते उडून गेले होते. इंधन नाही म्हणजे ऊन अन्न नाही आणि प्यायला पाणीही नाही, कारण पाणी बर्फ वितळवूनच मिळते. पाय सडलेले ओट्स मार्चच्या मध्यास तंबूबाहेर वादळात निघून गेले. उरलेल्या तिघांचा अखेरचा मुक्काम एक टनाच्या त्या साठ्यापासून सुमारे वीस किलोमीटरवर पडला. साठा मूळ बेताप्रमाणे ८० अंशांवर असता तर तो त्यांनी आधीच ओलांडला असता. स्कॉट यांना चालता येत नव्हते. विल्सन आणि बॉवर्स यांनी दोघांनीच जाऊन इंधन आणावे असे ठरले, पण वादळ थांबले नाही. 'टेनेमेंट्स'मधील त्यांचे शेजारी चेरी-गॅरार्ड कुत्र्यांच्या गाड्या घेऊन याच साठ्यापाशी ३ मार्चपासून वाट पाहत थांबले होते आणि १० मार्च रोजी परतले होते. स्कॉट यांची शेवटची नोंद २९ मार्चची आहे. बॉवर्स यांचे वय २८ होते.

दरम्यान भारतीय लष्कराने पाठवलेली सात खेचरे जहाजाने केप इव्हान्सला आली होती. लाल खान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहिब अशी त्यांची नावे होती. हिवाळा संपल्यावर ही खेचरे घेऊन डॉ. अॅटकिन्सन यांची तुकडी शोधास निघाली आणि १२ नोव्हेंबर १९१२ रोजी तिला तो तंबू सापडला. आत तिघांचे मृतदेह, दैनंदिन्या, पत्रे आणि छायाचित्रांच्या फिल्म होत्या. बाहेर स्लेजवर खडक होते. बॉवर्स यांच्या आईला लिहिलेले स्कॉट यांचे पत्रही त्यांत होते. तंबू तसाच मृतदेहांवर उतरवून त्यावर बर्फाचा ढीग रचण्यात आला.

बॉवर्स यांनी ध्रुवाच्या वाटेवर लिहिलेल्या हवामानाच्या नोंदीही तंबूतून परत आल्या. सिम्पसन यांना १९१२ मध्येच भारतातील कामासाठी सिमल्याला परतावे लागले होते. तेथे त्यांनी मोहिमेच्या साऱ्या नोंदींचा अभ्यास केला. त्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९१९ मध्ये कलकत्त्यात थॅकर, स्पिंक आणि कंपनीने प्रसिद्ध केले. मार्च १९१२ मधील थंडी तेथील नेहमीच्या थंडीहून बरीच तीव्र होती, या निष्कर्षापर्यंत सिम्पसन आले. अमेरिकी शास्त्रज्ञ सुसान सॉलोमन यांनी २००१ मध्ये हाच प्रश्न पुन्हा तपासला, तेव्हाही त्यांना बॉवर्स यांच्या आकड्यांचा आधार घ्यावा लागला. केप इव्हान्सचे घर अजून उभे असून न्यूझीलंडच्या एका न्यासाने त्याची डागडुजी केली आहे. त्यात खाटा, शेगडी आणि बॉवर्स यांच्या भांडारातील न उघडलेले डबे जागच्या जागी आहेत.